निघून जाण्याचं काम

माझ्या अक्षराला शाळेत बाई कोंबडीचे पाय म्हणायच्या, आणि ते अजून तसंच आहे. र्‍हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं समजलं तेवढंच समजतं, कारण चौथीनंतर माझी शाळाच राहिली नाही. नातीने गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी सोडली होती, त्यांत हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर शुद्धलेखनाबद्दल आणि या तिरक्या ओळींबद्दल माफ करा. माफी एवढ्याचीच. पुढे एका माणसाबद्दल मी वाईट लिहिणार आहे, त्याची माफी मागणार नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या गल्लीतले रविवार. मुलुंडला आमची गल्ली संपते तिथून डोंगर सुरू होतो. रविवारी सकाळी तिथे गाड्या लागतात आणि त्यातून माणसं उतरतात. अंगात पानापानांचे कपडे, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. पाखराला दिसू नये म्हणून असले कपडे घालायचे आणि एकमेकांना हाका अशा मारायच्या की चौथ्या मजल्यावर मला जाग येते. परवा त्यांतला एक मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवत होता. खरं पाखरू, आपल्या हद्दीत दुसरा कोण शिरला म्हणून, भांडायला खाली आलं. याने फोटो काढला, पुन्हा वाजवलं, पुन्हा ते बिचारं आलं. सगळे म्हणाले, "झकास, यार!" मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, कपडे बदलले, कॅमेरे बदलले, माणूस तोच आहे.

माझ्या लहानपणी आमचं घर याच गल्लीच्या वरच्या अंगाला होतं. कुडाच्या भिंती, शेणाची जमीन आणि वर जुने पत्रे. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते खाली एका गोदामावर वॉचमन होते. सकाळी कंपनीचा भोंगा वाजायचा. दुपारी डोंगरापलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी किणकिणायची. मधल्या वेळात तांबट पक्षी कुठेतरी टुक टुक करत बसायचा, जणू शेजारी कुणी कल्हईवाला आहे. आई चुलीवर घावणे घालायची. तव्यावर पीठ पडलं की जो आवाज येतो, तो ऐकला की मला अजून भूक लागते. पावसाळ्यात ती डोंगराच्या उतारावरून टाकळा, फोडशी, कुर्डू असली रानभाजी खुडून आणायची. थोडी घरी सुकट घालून शिजायची, बाकीच्या जुड्या बांधून बाजारात जायच्या. आता तीच भाजी हॉटेलात ताटाच्या मधोमध चिमूटभर ठेवून देतात म्हणे, आणि लोक तिचा फोटो काढतात. या शहरात पोटात जाण्याआधी प्रत्येक गोष्टीला कॅमेऱ्यासमोर जावं लागतं.

मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि बोलत नसे. मुकी नव्हते, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की घशात आवळा अडकल्यासारखं व्हायचं. आई शेजारणींना आपल्या मालवणीत सांगायची, "ह्या चेडवाच्या तोंडाक देवान कुलूप घातल्यान आणि चावी खंय टाकल्यान ती माका नाय सांगूक." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, तोंड मिटून.

बाबा ज्या गोदामावर होते त्याच्या मालकाचा भाऊ म्हणजे, ज्याच्याबद्दल वाईट लिहिणार म्हटलं, तो साहेब. नाव लिहीत नाही. तो घाटकोपरला राहायचा आणि पाखरांचे फोटो काढायचा. आमच्या आळीत त्याला सगळे लांबनळीवाला म्हणायचे, कारण त्याच्या कॅमेऱ्याला पुढे हातभर नळी होती. आमच्याकडे चहा प्यायला की कपबशी जमिनीवर ठेवण्याआधी तो जमिनीकडे बघायचा. एवढ्यावरून आईचं त्याच्याबद्दल मत झालं होतं, आणि आईचं मत एकदा झालं की ते बदलत नसे.

पाखरं माणसाला भितात, हे कळायला त्या साहेबाला परदेशी पुस्तक वाचावं लागलं होतं. त्यातच एक युक्ती होती. घरट्यासमोर खाकी कापडाचा एवढासा तंबू उभा करायचा. त्यात शिरताना पाखराने एकट्या माणसाला बघितलं, तर ते घरट्याकडे येतच नाही, कारण आत कोणी बसलंय हे त्याला कळतं. म्हणून दोघांनी जायचं. दोघांनी आत शिरायचं आणि एकाने बाहेर पडून सरळ निघून जायचं. पाखराला वाटतं, माणूस आला आणि गेला. काम झालं की त्या दुसऱ्याने पुन्हा येऊन साहेबाला घेऊन जायचं. रिकाम्या तंबूतून माणूस निघाला, हे पाखराला दिसता कामा नये. साहेब बाबांना हे सगळं अंगणात उभं राहून समजावत होता आणि शेवटी बोट वर करून म्हणाला, "पाखराला मोजता येत नाही. लक्षात ठेवा."

तो गेल्यावर आई म्हणाली, "आणि म्हणान तो खुराड्यात बसतलो? खुळोच आसा."

तो निघून जाणारा दुसरा माणूस म्हणून बाबांनी मला दिलं. कारण एकच, मी बोलत नाही, म्हणजे पाखरं उडणार नाहीत. आणि पहिल्याच दिवशी तंबूत गुडघे दुमडून बसल्या बसल्या साहेब मला म्हणाला, "जाताना मोठ्याने बोलत जायचं हं, मुली. तू जाते आहेस हे पाखराला नीट कळलं पाहिजे. आणि मागे वळून बघायचं नाही." मोठ्याने काय बोलायचं? मी बाहेर पडले, छत्री उघडली, आणि तोंडाला येईना तेव्हा पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार. चौथीपर्यंतच्या माझ्या शिक्षणाचा आजवर झालेला उपयोग तेवढाच. उतारावर खाली आई भाजी खुडत असायची. माझा आवाज ऐकून ती पदर तोंडावर धरून हसायची. घरात जिचा शब्द ऐकू येत नाही ती रानात पाढे ओरडत येते आहे. पण मला ते आवडू लागलं होतं, हे कबूल करायला हवं. झाडांसमोर मला लाज वाटत नसे.

या कामाचे पैसे हातात येत नसत. बाबांनी साहेबाकडून पत्र्यांसाठी उचल घेतली होती. आदल्या पावसात घर इतकं गळलं होतं की आम्ही पातेल्यांना जागा करून देऊन उरलेल्या जागेत झोपायचो. नवे पत्रे आले, आणि माझ्या प्रत्येक सकाळचे पैसे त्या उचलीतून वळते करायचं ठरलं. त्यातही साहेबाची एक रीत होती. पाखरू आलं नाही, तर ती सकाळ धरायची नाही. म्हणजे रजा पाखराने घ्यायची आणि पगार माझा कापायचा. उचल फिटेपर्यंत मी त्या माणसाच्या तंबूला बांधलेली होते, एवढं मला कळत होतं, आणि उचल कमी होताना दिसत नव्हती.

नवरंगाचं घरटं मीच आधी पाहिलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. ते साहेबाला दुसऱ्या कुणी दाखवलं. नवरंग पावसाच्या दिवसांत येतो. सकाळी आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो, दिसत मात्र नाही. दिसला तर वाटतं, कुणी रंगाच्या डब्यांत बुडवून काढलाय: हिरवी पाठ, निळे खांदे, पोटाखाली लालभडक. करवंदीच्या जाळीत, कमरेएवढ्या उंचीवर, त्याने काटक्यांचा आणि पानांचा चेंडूएवढा गोळा केला होता. बाजूला तोंड, आणि त्या तोंडावर करवंदीच्या फांद्या पडदा सोडल्यासारख्या. आत पिल्लं होती. आई-बाप दोघं गांडुळं आणायचे आणि त्या पडद्यातून आत शिरायचे.

साहेबाला तो पडदा नको होता. "सावली पडते," तो म्हणाला. "मला घरट्याचं तोंड स्वच्छ दिसायला हवं."

त्या दिवशी बाबा बरोबर होते. ते म्हणाले, "साहेब, दोरीने मागे ओढून बांधू काय? मग संध्याकाळी सोडू."

"कोण रोज बांधत आणि सोडत बसणार? कापा. पुन्हा वाढतील."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कोयता काढला आणि फांद्या कापल्या. ज्या हातांनी त्यांनी गिरणीत वर्षानुवर्षं तुटलेले धागे जोडले होते, ते हात किती सफाईने तोडतात हे मी बघत उभी राहिले. कापलेल्या टोकांतून पांढरा चीक गळत होता. घरटं आता असं दिसत होतं, जसं भर रस्त्यात कुणाच्या न्हाणीघराचं दार काढून टाकावं. साहेब खूश झाला. त्याने दोन बोटांची चौकट करून तिच्यातून बघितलं आणि म्हणाला, "वा!"

दुसऱ्या सकाळी आम्ही चढत होतो तेव्हा वाटेत भारद्वाज दिसला. आमच्याकडे त्याला कुकुडकोंबा म्हणतात. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे. सकाळी तो दिसणं शुभ, हे कुणीही सांगेल. आईने भाजीची टोपली खाली ठेवून हात जोडले. साहेब एरवी आमच्या देवांना आणि उपासांना नाक मुरडायचा, पण त्यानेही टोपी काढली. "आज लक आहे," तो म्हणाला. सगळ्या डोंगरात त्या सकाळी एकच शहाणा होता, आणि तो आमच्या पुढे पुढे चालत, पानांत खुडबुड करत, न्याहारी शोधत होता.

मी साहेबाला तंबूत सोडलं आणि पाढे म्हणत निघाले. खाली आईला दोन जुड्या बांधून दिल्या. ठरलेल्या वेळी त्याला आणायला पुन्हा चढले. तंबूच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून घरटं समोर दिसायचं, आणि फांद्या कापल्यापासून तर फारच स्वच्छ दिसत होतं. घरट्याच्या तोंडाशी भारद्वाज बसला होता. चोचीत पिल्लू. नवरंगाची जोडी त्याच्या डोक्यावरून झेपा घेत होती. ती शीळ घालणारी पाखरं असली आवाज काढू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि तंबूतून, त्या सगळ्या आकांतात, शांतपणे येत होतं: खटक. खटक. खटक.

तो आत होता. तंबूतून बाहेर आलेली कॅमेऱ्याची नळी घरट्यापासून हाकेच्या नाही, हाताच्या अंतरावर होती. टाळी वाजवली असती, खोकला असता, शिंकला असता तरी भारद्वाज उडाला असता. तो फोटो काढत होता.

मी धावले. छत्री मिटलेली होती ती उघडली आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक पाढेच असतील, कारण मोठ्याने ओरडायला मला दुसरं काही येत नव्हतं. भारद्वाज पिल्लू घेऊन जड जड उडत खाली गेला. मी घरट्यात बघितलं. आधीचीही त्याने नेली होती. आत ओलसर गवत होतं, आणि अर्धं गांडूळ.

तंबूचं कापड बाजूला करून साहेब बाहेर आला. रिकाम्या तंबूतून माणूस निघालेला पाखराला दिसू नये, हे तो विसरला. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, पिल्लांसाठी.

"मूर्ख!" तो म्हणाला. "तू फ्रेममध्ये आलीस!"

मी घरट्याकडे बोट दाखवलं.

"ते मी पाहिलं. डोळे आहेत मला. हा निसर्ग आहे, मुली. एक जगतो, एक मरतो. आपण त्यात ढवळाढवळ करायची नसते. एवढं तरी कळायला हवं."

त्याच्या पायाखाली आदल्या दिवशी कापलेल्या फांद्या पडल्या होत्या. त्यांच्यावर उभं राहून तो मला हे सांगत होता. आयुष्यात मी बरीच भाषणं ऐकली, नेत्यांची, पुढाऱ्यांची, लग्नात माईक हातात आलेल्या मामांची. पण पायाखाली काय आहे ते न बघता इतक्या आवेशाने बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

घरी येऊन मी चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "मी जाणार नाय." एवढंच. घरात माझं एक पूर्ण वाक्य हीच मोठी गोष्ट होती. तिन्हीसांजेला बाबा गोदामावरून निरोप घेऊन आले. साहेब म्हणतो, पोरीने फिल्मचा रोल फुकट घालवला. तिची ती सकाळ धरणार नाही, आणि वर रोलचे पैसे उचलीत चढवणार.

"मग उद्यापासून जावकच होया," बाबा म्हणाले. "पत्रे वर आसत. ते काय काढून देवक येतत?"

"रोलाचे पैशे?" आई म्हणाली. "आणि त्या पिल्लांचे कोणी देवचे?"

"मोठ्या माणसाशी असा बोलूक जमणा नाय गो."

"फांदी कापूक जमली ती? कोयतो कोणी चालवल्यान?"

बाबांनी ताटात बोटाने रेघा ओढल्या. बाहेर पाऊस नव्या पत्र्यांवर पडत होता आणि घरात एक थेंब येत नव्हता. ते कोरडं घर त्या रात्री मला पहिल्यांदाच नको झालं. मग आईने भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "चेडू जावचा नाय. पैशे आपण फेडूया. पत्र्याचेव, आणि त्या भिकारड्या रोलाचेव. त्याका म्हणाक मिळता नये, मी पैशे सोडलंय म्हणान."

आम्ही कंपनीच्या गेटवर घावणे विकायला लागलो. भोंगा वाजायच्या आधी मी तांदूळ वाटून पीठ तयार ठेवायची, आई तिथे स्टोव्ह मांडून घालायची आणि ओरडायची, कारण ओरडणं तिच्या वाट्याला आणि खोबरं किसणं माझ्या वाट्याला होतं. कामगार खायचे, उधारी सांगायचे, आई त्यांच्या सात पिढ्या काढायची, आणि ते दुसऱ्या दिवशी हसत पैसे आणून द्यायचे. दर महिन्याला बाबा थोडे थोडे साहेबाकडे पोचवायचे. ते परत आले की आई विचारायची, "काय म्हणालो लांबनळीवालो?" बाबा म्हणायचे, "काय नाय. खिशात घातल्यान." आणखी एक पावसाळा गेला. नवरंग त्या जाळीत पुन्हा आला नाही. फांद्या मात्र वाढल्या, तेवढं साहेबाचं खरं झालं.

शेवटचे पैसे द्यायचे होते तेव्हा आई म्हणाली, "हे तूच दी." मी मान हलवली. ती म्हणाली, "नाय म्हणा नको. मी खाली उभी रवतंय." आणि खरोखर ती घाटकोपरला त्याच्या इमारतीच्या फाटकाशी, गुरख्याकडे संशयाने बघत उभी राहिली.

दार त्याच्या बायकोने उघडलं आणि मला दिवाणखान्याच्या उंबऱ्यापाशी उभं केलं. आत पाहुणे होते, हातात सरबत. समोरच्या भिंतीवर तो फोटो, दरवाजाएवढा मोठा, सोनेरी चौकटीत. भारद्वाज, चोचीत पिल्लू, वर झेपावणारा नवरंग. खाली कसलीशी ढाल ठेवली होती, म्हणजे बक्षीसही मिळालं होतं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात करवंदीच्या फांदीचं कापलेलं टोक होतं, त्यावर चिकाचा पांढरा थेंब. मी त्याच्याकडे बघत राहिले. पाहुणे लाल डोळ्याकडे बघत होते.

"काय क्षण पकडलाय!" एक बाई म्हणाल्या. "तुमचा तरी धीर किती."

"धीर काय," साहेब म्हणाला. "दिवसेंदिवस तंबूत बसावं लागतं. गुडघे मोडून. त्या रानात मी अगदी एकटा होतो."

एकटा! पाखराला मोजता येत नाही, हे तो बोट वर करून सांगायचा. त्यालाही येत नव्हतं. बाबांना, आईला, मला, सगळ्यांना वजा करून त्याचा हिशोब बरोबर एकावर आला होता.

मग त्याला मी दिसले. क्षणभर ओळख लागली नाही. मी रुमालाची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. तो पाहुण्यांकडे बघून हसला. "अरे हो, ती मुलगी! बाबांनी पाठवलं का? अगं, राहू दे. मी तर विसरूनही गेलो होतो." आणि विसरलेल्या पैशांसाठी हात मात्र पुढे आला. नोटा घेऊन, न बघता, तो सदऱ्याच्या खिशात घालायला लागला.

घशात तो आवळा होताच. पाहुणे सहा-सात होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मी छत्री घट्ट धरली.

"मोजून घ्या," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. रानात म्हणायचे तेवढ्याच मोठ्याने. सरबताचा एक पेला टेबलावर टेकला, तेवढाच आवाज झाला. त्याने हसून बघितलं, कुणी त्याच्याबरोबर हसलं नाही. मग त्याने खिशातून नोटा परत काढल्या आणि त्या सोनेरी चौकटीखाली उभं राहून, अंगठा जिभेला लावून, सगळ्यांसमोर एकेक मोजल्या.

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

"रोलाचे पण धरलेत," मी म्हणाले, आणि मागे वळून न बघता निघून आले. ते काम मला चांगलं येत होतं.